ओठ लावून पाणी

आमच्या घरात पाणी पिण्याचा एक कायदा होता. वडिलांनी केलेला. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. पाणी ओठ लावून प्यायचं, वरून धार धरून नाही, एवढाच तो कायदा. माठावर एक पितळी पेला पालथा असायचा. छप्पन साली आमच्या लोकांनी धम्म घेतला, त्यानंतर दादांनी तो परभणीच्या बाजारातून आणला होता. घरी कुणीही येवो, दादा स्वतः उठून पेला भरून देत. पाहुण्यानं सवयीनं मान वर केली की म्हणत, "ओठ लावा, पावनं. पेला काय म्हनत न्हाई." पाहुणा निमूट ओठ लावायचा. दादा रेल्वेचे रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये होते, आम्ही चुडाव्याला स्टेशनाजवळ राहायचो. एकदा त्यांचा साहेब दारात आला, तर त्यालाही या कायद्यातून सूट मिळाली नाही.

दादांच्या लहानपणी आमच्या माणसाला तहान लागली की त्यानं ओंजळ धरून खाली बसायचं आणि कुणीतरी वरून पाणी ओतायचं. भांड्याला शिवायचं नाही. यावर दादा कधी बोलत नसत. त्यांनी फक्त पेला आणला.

आणि अशा घरात, सत्तरच्या दशकात, मला हात धुण्याचं खूळ लागलं.

दोन कोसांवरच्या एका शाळेत मला नुकतीच मास्तरकी लागली होती. सुरुवात खडूच्या पुडीपासून झाली. आधी खडू लागला म्हणून हात धुवायचो. मग खडूच्या डब्याला हात लागला म्हणून. मग डबा ज्या टेबलावर होता त्याला लागला म्हणून. बघता बघता हिशेब ठरला: प्रत्येक वेळी सातदा धुवायचे, आणि मध्ये मोजणी चुकली तर पहिल्यापासून. नेमकं पाचव्या खेपेला कुणीतरी "जयभीम, गुर्जी" म्हणत यायचं आणि माझी मोजणी मातीत जायची. भल्या माणसांच्या जयभीमचा मला राग येऊ लागला, म्हणजे बघा.

विहिरीवरून पाणी शेंदून आणायची माय. तिच्या घागरीतलं अर्धं पाणी माझ्या हातांवरून मोरीत जायचं. "येवढं धुवून हातं सोन्याची व्हायलीत का?" ती विचारायची. मग तिनं साबण लपवायला सुरुवात केली. मी तो तांदळाच्या डब्यातून शोधून काढला, तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. ताडकळसला मुलगी बघायला गेलो, तिथं पोह्यांच्या आधी तीनदा आणि नंतर चारदा मागच्या अंगणात जाऊन आलो. मुलीच्या मामानं हळूच विचारलं, "गुर्जीचं पोट बिघडलंय का?" त्या स्थळाकडून पुढं निरोप आला नाही.

आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. हात स्वच्छ आहेत हे मला पक्कं ठाऊक असायचं. डोळ्यांना दिसत असायचं. तरी आतून कुणीतरी विचारायचं, "नक्की?" आणि त्या "नक्की"पुढं माझी सगळी शिकलेली अक्कल गप्प व्हायची. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, खडू धरला की आग व्हायची. शेजारच्या एकानं देवर्षी सुचवला. दादा म्हणाले, "ते समदं मागं सोडलंय आमी," आणि विषय तिथंच संपला.

खरी पंचाईत होती ती पेल्याची. त्याला किती लोकांचे ओठ लागलेले, याचा मी विचार करायचो आणि पेला तोंडापर्यंत जायचाच नाही. मग मी युक्त्या काढल्या. पाणी शाळेतच पिऊन यायचं. घरी दादांनी पेला पुढं केला की तहान नाही म्हणायचं. कधी पेला हातात घेऊन मोरीकडे जायचं आणि गुपचूप ओतून द्यायचं. असं चार-पाच महिने निभावलं.

एका उन्हाळ्यात दुपारी सायकलवरून घरी आलो. जीभ टाळूला चिकटलेली, तरी आधी मोरीवर सातदा हात धुतले. दादा घरीच होते. माझा अवतार बघून ते उठले, पेला भरला आणि माझ्यापुढं धरला. मी काही विचार केला नाही. खाली बसलो आणि दोन्ही हातांची ओंजळ करून पुढं केली.

दादांचा हात तसाच राहिला. पेला त्यांच्या हातात होता आणि मी त्यांच्यासमोर ओंजळ धरून बसलो होतो. मी काय केलं ते मला त्यांच्या तोंडाकडे बघितल्यावर कळलं.

"हात खाली घे," ते म्हणाले. मी घेतले. त्यांनी ते पाणी दारातल्या लिंबाच्या बुडाशी ओतलं, पेला माठावर पालथा घातला आणि बाहेर निघून गेले.

आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि गंमत अशी की त्या लाजेनं हात धुणं आणखी वाढलं. नवव्या दिवशी तेच ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसले.

"माझ्या हातचं पानी चालंना व्हय तुला?"

"तसं न्हाई, दादा. मला माझाच विटाळ व्हायलाय. सोताच्या सदऱ्याला हात लागला तरी धुवावा लागतो. मी काय करू, मला कळंना." बोलता बोलता मी रडायला लागलो. मुलांना दम देणारा मास्तर, बापाजवळ बसून रडत होतो. दादांनी माझे हात उलटे-सुलटे करून बघितले. चिरा त्यांनी तोवर बघितल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी ते मला परभणीला एका डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "गुरुजी, धुतल्यावर बरं वाटतं. किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"मग पुन्हा धुवावंसं वाटतं. खरूज खाजवल्यासारखंच आहे हे. मंत्रचळ म्हणतात आपल्याकडे. वेड नाही. नाद नाही. आजार आहे. धुवावंसं वाटलं की धुऊ नका, बसून राहा. जीव घाबरा होईल. होऊ द्या. तो आपणहून शांत होतो." गोळ्याही लिहून दिल्या.

दादांनी एकच गोष्ट विचारली. "डाक्टरसाब, म्हंजी माझ्या हाताचा ह्याच्यात काई दोष न्हाई?"

"तुमचाही नाही आणि याचाही नाही," डॉक्टर म्हणाले. गाडीत बसल्यावर दादांनी मला फुटाणे घेऊन दिले. मी ते न धुतलेल्या हातानं खाल्ले, निदान पहिले चार.

मग दादांनी मला कामावर घेतलं. त्यांची रीत गँगमधलीच होती. संध्याकाळी पेला भरायचा, अर्धा त्यांनी ओठ लावून प्यायचा, उरलेला मी ओठ लावून प्यायचा. मग दोघांनी ओट्यावर बसायचं. "नांदेडची गाडी जाईस्तोर उठायचं न्हाई." आमच्या घरात घड्याळ नव्हतं, गाडीच होती. ती पूर्णेला क्रॉसिंगला अडकली की माझे हाल कुत्रा खात नसे. तळहात जळायचे, पाय आपोआप मोरीकडे वळायचे. दादा कधी शाळेचं विचारायचे, कधी नुसते बिडी ओढायचे. गाडी गेली की मी धूम ठोकायचो. माय हसायची. पुढं मात्र मोरीपर्यंत पोचेस्तोवर धुवायची निकड निम्मी व्हायला लागली.

आजार साफ गेला असं म्हणणार नाही. अजूनही तो अधूनमधून येऊन "नक्की?" विचारतो. पण त्या वर्षीची एक संध्याकाळ सांगतो. शाळेतल्या एका भांडणाची हकीकत मी दादांना रंगवून सांगत होतो. सांगून झालं आणि मी म्हणालो, "आज गाडीला लय उशीर व्हायलाय."

"गेली की," दादा म्हणाले. "मगाशीच गेली."

गाडी गेली तेव्हा त्यांनी मुद्दामच मला सांगितलं नव्हतं. पेल्याच्या तळाशी माझं उष्टं घोटभर पाणी उरलं होतं. दादांनी ते ओठ लावून पिऊन टाकलं आणि पेला तसाच, न धुता, माठावर पालथा घातला. सकाळी उठून मी त्याच पेल्यानं पाणी प्यायलो.