कम्प्युटरले आमची पूनम दिसत नाही

सकाळची बस बंद केली, अन् वरून मलेच सांगतात, "आजी, आमी नाही, कम्प्युटरनं केली." कम्प्युटर काय तुमचा जावई आहे, त्याले कोणी बोलायचं नाही?

बरं, आता राम राम. आमचं गाव केनवडच्या आडबाजूले. शेजारची पूनम अकरावीत, पासवर ह्याच बसनं तालुक्याले जाय. डेपोतला पोरगा म्हणे, कोणती गाडी ठेवायची ते आता एआय ठरवते, अन् ह्या गाडीत माणसंच नसतात. पूनमचा बाप म्हणे, बस नाही तं शाळा नाही, सोयरीक पाहू. माही नात रेवती नागपूरले हेच एआय शिकते. म्हटलं, तिलेच इचारतो.

काळीपिवळीनं वाशीम गाठलं. ह्या रस्त्यानं जाणाऱ्यानं खड्डे मोजू नये, कंबर धरावी. नागपूरची गाडी पहाटेची पकडा, उशीर केला तं जागा भेटत नाही. बायकांले अर्धं तिकीट, मी पंचाहत्तरीच्या वर, मले फुकट. तरी कंडक्टरनं शून्याचं तिकीट हातात देल्लं.

"फुकट आहे तं कागद कायले?"

"मशीनमंधी नोंद लागते, आजी. नाही तं तुमी गाडीत आहा हे कोणाले समजन?"

"अन् पासवाल्या पोरी?"

"त्यायचा नुसता पास पाह्यतो. तिकीट निघत नाही."

माहा भाकर-ठेचा मांडीवर तसाच राह्यला. म्हणजे पोरींनी खचाखच भरलेली गाडी कम्प्युटरले रिकामी दिसे!

कारंज्याचा चहा पाणचट, आलुबोंडा मात्र गरम होता. नागपुरात तर्री पोहे खा, पण तर्री मागून घ्या, नाही तं हात आखडतात.

रेवतीच्या कॉलेजात प्रदर्शन होतं. तिनं मोठा तक्ता लावला होता: शहर चालवाले एआय आणायची कोणत्या देशाची किती तयारी. सिंगापूर, कोरिया, एस्टोनिया, भारत. इंटरनेट, कॅमेरे, शिकलेली माणसं, कायदे. सिंगापूरले हिरवे ठिपके, आपल्याले मधात मधात पिवळे.

"एस्टोनिया लहानसा देश आहे, आजी. सरकारी कामं घरबसल्या होतात."

"लहान घर झाडाले सोपं."

"आपणही मागं नाही. जोरात चालून राह्यलो."

"हे पाय, सोयरीक पाहाले गेलं तं आपण बैठक नाही पाहत, मोरी पाहतो. तुह्या तक्त्यात सगळी बैठकच आहे. मशीन चुकली तं जाब कोण देते, तो रकाना कुठं आहे?"

तिचे सर मधात पडले. "आजी, ते कायद्यात येतं."

"येते तं नाव सांगा. आमची बस कोणी बंद केली?"

"आता... सिस्टीमनं."

"बोलवा मंग तिले."

सर हसले. रेवती नाही हसली. तिनं पेन काढला अन् तक्त्याखाली नवी ओळ आखली: 'चुकलं तर उत्तर कोण देणार?' बाकीच्या देशांपुढं लिहिलं, 'शोधून सांगते.' आपल्यापुढं मी लिहाले लावलं, 'केनवडच्या बाजूची सकाळची बस: उत्तर बाकी.'

घरी आली तं पूनम अंगणात तूर पाखडत होती. नागपूरचं काय उरलं मनात? बसथांब्यावरचा लाइटीचा फळा. गाडी कधी येते ते दाखवते. चांगला आहे. आमाले बी पाह्यजे, पण आधी गाडी पाह्यजे.

पूनमच्या बापाले बजावलं, सोयरीकवाले आले तं पहिले माह्याशी बोलतीन. अन् डेपोच्या मोठ्या सायबाले हे सांगणं: सोमवारी पोरी पास घेऊन फाट्यावर उभ्या राहतीन. कम्प्युटर पाठवू नका, सिस्टीम पाठवू नका. तुमी सोता या, अन् पूनमच्या तोंडाकडे पाहून उत्तर तुमीच द्या.