डॉक्टरांची कवळी

कवळ्या बनवणारा हा माणूस रागाला पक्का. अकरा वर्षं तो दातांच्या एका डॉक्टरांकडे राबला. एकदा डॉक्टरांनी स्वतःच माप चुकीचं घेतलं, कवळी बसेना, तर भरल्या दवाखान्यात त्यांनी याच्या माथ्यावर खापर फोडलं. "दारू पिऊन काम करतो!" म्हणाले आणि हाकलून दिलं. दारू! अहो, याने जन्मात थेंबाला तोंड लावलं नव्हतं. घराच्या मागच्या खोलीत त्याने आपलं काम मांडलं आणि मनात डूख धरला तो धरलाच.

घर मात्र भाविक. रोज सकाळी चहा-पावाआधी बापाने लेकीला देवाची एक गोष्ट सांगायची आणि मग लेकीने प्रार्थना करायची, हा नेम. पण गोष्टी कुठल्या? समुद्राने गिळलेली फौज. गोफणीच्या एका दगडात आडवा झालेला धिप्पाड शत्रू. गावावर कोसळलेली आग. बायको म्हणायची, "अहो, येशूने माणसं बरीही केलीत. ते कधी सांगणार?"

"सांगतो की. आधी हे तर संपू दे!"

ते काही संपत नव्हतं.

सात वर्षांची लेक बापावरच गेलेली. एका सकाळी डोळे गच्च मिटून म्हणाली, "प्रभू, त्या डॉक्टरांचे सगळे दात पाड. आमेन." बायकोने कपाळावर हात मारला. याला मात्र हसू आवरेना. पोरीच्या पावाला त्याने जास्तीचं लोणी फासलं.

वर्षभर पोर हेच मागत राहिली. आणि एका दुपारी डॉक्टरांचा मुलगा दारात उभा, हातात हिरड्यांचा प्लास्टरचा साचा. "बाबांची कवळी करायचीय. दोघांकडून करून घेतली, बसतच नाही. तुमच्यासारखा हात कुणाचा नाही म्हणाले." माफीचं नाव नाही!

त्याने कवळी जीव ओतून केली. फक्त आतून, हिरडीवर टेकते तिथे, केसाएवढा काटा ठेवला. दिसणार नाही, पण घासागणिक टोचेल. खा म्हणावं आता!

सकाळी तयार कवळीची डबी टेबलावर होती. लेकीने विचारलं, "कुणाची?"

"डॉक्टरांची. गेले सगळे दात."

"ऐकलं प्रभूने!" पोर टाळ्या पिटत नाचली. मग लगेच हात जोडले. "प्रभू, आता माझ्या बाकावरच्या मुलीचे पाय मोड. ती बाईंना माझ्याबद्दल खोटं सांगते."

याने तिचे जोडलेले हात धरले. "अगं, असं मागू नये."

"का? डॉक्टरांच्या वेळी तर तुम्ही लोणी दिलंत."

तो डबी उचलून मागच्या खोलीत गेला आणि मशीन सुरू केलं. डॉक्टरांना शिव्यांची लाखोली वाहत त्याने तो काटा घासला, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा घासला. राग तसूभरही कमी झाला नव्हता. परत येऊन बसला.

"आज प्रार्थना मी करतो. प्रभू, डॉक्टरांना..."

चहावर साय धरली. लेक एक डोळा उघडून बघत होती.

"म्हणा ना, पप्पा."

"...नीट जेवता येऊ दे," तो कसाबसा म्हणाला. "आमेन."

लेकीने सुरी घेतली आणि त्याच्या पावाला लोणी लावलं. अगदी थोडंसं.

"उद्या मनापासून म्हणा," ती म्हणाली.