राजीनाम्याचे वीस गुण

१७ जानेवारी, शनिवार. रक्कम रुपये पाचशे. हजर: धारच्या कॉलेजातल्या जनसंचार विभागाच्या प्रमुख मॅडम, कार्यालयातले बाबू, माझी मुलगी आणि मी.

पाचशे रुपये सराव परीक्षेची उत्तरपत्रिका पुन्हा तपासून घेण्याचे होते. मी पावती मागितली, तर बाबू म्हणाले, "भिया, मॉक की रसीद कोन लेता है? आज तक किसी ने नी माँगी."

"मग माझी पहिली."

त्यांनी दोन खण धुंडाळले आणि एक कोरं पावतीपुस्तक काढलं. पावती क्रमांक एक. ती माझ्याकडे आहे.

मी देवासच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात सव्वीस वर्षं काम करतो. मुलगी धारला माझ्या थोरल्या बहिणीकडे राहते आणि जनसंचाराच्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्चच्या परीक्षेआधी कॉलेज एक सराव परीक्षा घेतं. तिच्यात एखाद्याही विषयात चाळीसच्या खाली गुण आले तर मुख्य परीक्षेचा फॉर्म कॉलेज पुढे पाठवत नाही. मुलीला तीन विषयांत साठच्या वर होते आणि समाचार लेखनात छत्तीस. चार गुणांपायी वर्ष जाणार होतं.

फोनवर तिनं मला आकडे सांगितले, कारण सांगितलं नाही. ते बहिणीनं सांगितलं. "अरे, तुझ्या लेकीनं एका चालत्याबोलत्या सरपंचाला घरी बसवलं. आणि पुन्हा तुझ्याच शिकवणीनं."

झालं होतं ते असं. पाचव्या प्रश्नात कोर्टातली एक टिपणी दिली होती आणि तिच्यावरून बातमी लिहायची होती. खातेगावकडचा एक सरपंच आणि एक व्यापारी यांचा दोन बिघे जमिनीवरून दावा चालला होता. टिपणीत शेवटचं वाक्य होतं, "दोनों पक्षों में राजीनामा हुआ." सोबत दोघांचा कोर्टाच्या आवारातला फोटो. मुलीनं मथळा दिला, "ज़मीन विवाद में सरपंच का इस्तीफ़ा". आपल्या मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी नाहीतर पद सोडणं. इकडच्या कोर्टाच्या हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड. वर्गातल्या बाकी एकतीस मुलांना हे आईच्या पोटातून ठाऊक होतं. माझ्या मुलीला नव्हतं. वीस गुणांच्या उत्तरावर लाल शाईची एक तिरपी रेघ आणि खाली शून्य.

चूक झाली हे मी तेव्हाही नाकारलं नाही, आजही नाकारत नाही. पण वीसपैकी वीस गुण जाण्याएवढी ती मोठी होती का, एवढाच माझा प्रश्न होता. आणि त्या प्रश्नासाठी मी पहाटेची बस धरून, इंदूरला गाडी बदलून धारला आलो होतो.

आमच्या घरात एक नियम आहे. जेवताना मराठी वाक्यात हिंदी शब्द घातला तर दहा रुपये दंड, जेवणाच्या टेबलावरच्या स्टीलच्या डब्यात. इंग्रजीला दंड नाही, ती सगळ्यांचीच अडचण आहे. मुलगी पहिलीपासून हिंदी शाळेत. नियम केला तेव्हा ती "बाबा, मला भूक लागून राहिली" असं म्हणायची. आता ती चांगलं मराठी बोलते. वाचताना अजून अडखळते, पण वाचते. लोक हसतात. माझी बायको तर त्या डब्याला जकात नाका म्हणते. मी नियम बदललेला नाही.

मॅडम तासावर होत्या, म्हणून आम्ही बाहेर बाकावर बसलो. मुलीच्या हातात एक छापील कागद होता. चाळीसच्या खाली गेलेल्यानं तो भरून द्यायचा असतो: माझी चूक काय, चुकीचं कारण काय, सुधारणेचा उपाय काय. खाली पालकाची सही. पहिले दोन रकाने तिनं भरले होते. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "घर में इस शब्द का दूसरा अर्थ है."

ते वाचल्यावर मला तिला एक गोष्ट सांगावी लागली. ती मी तिला आधीच सांगायला हवी होती.

माझे वडील नोकरीसाठी महाराष्ट्रातून देवासला आले, तेव्हा त्यांना हिंदी ऐकून समजायची, तिच्यातले बारकावे समजायचे नाहीत. तिसऱ्या वर्षी पाळीवरून त्यांचं मुकादमाशी भांडण झालं. साहेबांनी दोघांना बोलावलं आणि वडिलांना म्हणाले, "राजीनामा कर लो, बात ख़तम करो." साहेबांना म्हणायचं होतं, मिटवून टाका. वडिलांनी घरी येऊन तीन ओळींचा राजीनामा लिहिला, शुद्ध मराठीत, आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर ठेवला. साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांना वाटलं समेटाचा कागद असेल, त्यांनी सही केली. तो आस्थापना विभागात गेला, तिथल्या कोणीतरी वाचला, आणि पहिल्या तारखेला हजेरीपटावर वडिलांचं नाव नव्हतं. महिन्याभरानं त्यांना परत घेतलं, पण नवीन म्हणून. तीन वर्षांची सेवा गेली.

वडिलांनी ही गोष्ट मला एकदाच सांगितली आणि बाहेर बोलू नको म्हणाले. मी बोललो नाही. आणि म्हणून तो शब्द दोन अर्थांचा आहे हे माहीत असूनही मुलीला कधी सांगितलं नाही. घरातली लाज झाकली, आणि तिची किंमत तिनं परीक्षेत मोजली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे ही चूक आपल्याकडे खानदानी आहे."

"तीन पिढ्यांत दोनदा."

"तुमचा नंबर राहिलाय, बाबा."

मॅडम आल्या. चाळिशीच्या, आधी कुठल्याशा वर्तमानपत्रात काम केलेल्या, बोलायला सडेतोड. त्यांनी उत्तरपत्रिका माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "देख लीजिए. पर अख़बार में यह छपता तो सरपंच सुबह मेरे दरवाज़े पर खड़ा होता."

मी म्हटलं, खरं आहे. आणि सवयीनं आधी मुखपृष्ठावरची बेरीज तपासायला घेतली. दुसऱ्या प्रश्नाला आतमध्ये तीन, चार आणि तीन असे गुण होते. दहा. मुखपृष्ठावर बारा लिहिले होते.

मी दोनदा मोजलं. मुलगी शेजारी बसली होती, तिलाही दिसलं. तिनं टेबलाखाली माझ्या बुटावर पाय ठेवला. सव्वीस वर्षांत मी दुसऱ्याच्या चुकीचा एक रुपया अंगावर ठेवला नाही, हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, पगार त्याचाच घेतो. मी मॅडमना म्हटलं, "इथं दोन जास्त धरलेत. छत्तीस नाहीत, चौतीस आहेत."

मुलीनं पाय काढून घेतला आणि खिडकीकडे बघायला लागली. मॅडमनी चष्मा लावून मोजलं आणि छत्तीस खोडून चौतीस केले. "आप नंबर बढ़वाने आए हैं या घटवाने?"

"बरोबर करवायला."

मग मी पाचव्या प्रश्नाकडे वळलो. प्रश्नातच वाटणी छापली होती: मथळा चार, पहिला परिच्छेद सहा, मजकूर सहा, फोटोखालची ओळ चार. मथळा चुकला, चार गेले. पहिल्या परिच्छेदात तेच पुन्हा आलं, सहा गेले. तक्रार नाही. पण मजकुरात दावा कधी लागला, जमीन किती, कुठल्या शिवारात, किती तारखा पडल्या, हे सगळं टिपणीशी जुळत होतं. तिथे शून्य कशाचं? आमच्याकडे खतावणीत एक आकडा चुकला तर तो आकडा दुरुस्त करतात, वही जाळत नाहीत. हे मी त्यांना असंच म्हटलं, थोडं चढ्या आवाजात.

त्यांनी मजकूर टिपणीशी ओळीनं ताडून पाहिला. तारखेबरोबर वार लिहिला नाही म्हणून एक कापला. सहापैकी पाच दिले. एकोणचाळीस.

"एक नंबर से रुक गई," त्या म्हणाल्या. त्यांना त्यात आनंद नव्हता, हेही सांगायला हवं.

फोटोखालची ओळ मी आधीच सोडून दिली होती, कारण तिथे मुलीनं लिहिलं होतं, "इस्तीफ़े के बाद सरपंच को विदाई देते व्यापारी". तेव्हा मुलगी मॅडमसमोर पहिल्यांदा बोलली.

"मॅम, कैप्शन में आपने कहा था, बाएँ से दाएँ नाम सही हों तो एक नंबर. मैंने 'बाएँ से' लिखा है. दोनों नाम सही हैं."

मॅडमनी फोटो पाहिला, ओळ पाहिली. हसू दाबत म्हणाल्या, "विदाई भी क्या सोची है." आणि समासात एक लिहिला. पाचव्याचे सहा, एकूण चाळीस. मी मोजले, बरोबर होते.

पण तो छापील कागद राहिला होता. तिसरा रकाना कोरा पाहून मॅडम म्हणाल्या, "इसमें लिखवा दीजिए, घर में हिंदी बोला करेंगे. बच्ची का भला इसी में है."

त्या वाईट हेतूनं म्हणाल्या नाहीत. पण मी म्हटलं, ते होणार नाही. धार-देवासकडे आमच्यासारखी पुष्कळ घरं आहेत. दुकानात हिंदी, शेजारी माळवी, आणि उंबऱ्याच्या आत जे उरलंय ते मराठी. मुलीला हिंदी जास्त यायला हवी, तर ती शिकेल. पण एका शब्दाला दोन अर्थ निघाले म्हणून घरचा अर्थ टाकून द्या, हा उपाय मी सही करून देणार नाही.

"फिर साइन कैसे करूँ? कॉलम ख़ाली है."

मुलीनं माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि लिहिलं. सुवाच्य अक्षर, खाडाखोड नाही: "जिस जगह का समाचार हो, उस जगह शब्द का अर्थ पूछकर लिखूँगी. घर की भाषा में कोई सुधार प्रस्तावित नहीं है."

दुसरं वाक्य माझ्या कारखान्याच्या पत्रांतलं होतं. मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि सही केली. मी खाली केली.

त्यानंतर खिडकीवर जाऊन मी परीक्षेचा फॉर्म भरला. बाबूंनी या वेळी न मागता पावती दिली.

बहिणीकडे पोचलो तेव्हा ताट वाढलेलं होतं. संक्रांतीचे उरलेले लाडू आणि बाजरीची भाकरी. बहिणीनं विचारलं, "काय झालं रे? भांडलास का?"

मी पाट सरकवून बसलो आणि पहिला घास घेत म्हणालो, "भांडलो. मग मॅडमशी राजीनामा झाला."

मुलीनं भाकरी खाली ठेवली आणि तळहात पुढे केला. "दहा रुपये."

"राजीनामा मराठी शब्द आहे."

"शब्द मराठी, अर्थ हिंदी. आणि जेवताना."

"मग अर्धा दंड घे. पाच."

"नियमात अर्धा दंड नाही. नियम तुमचाच आहे."

बहीण म्हणाली, "दे रे मुकाट्यानं, तिसरी पिढी पूर्ण झाली." मी खिडकीवर फॉर्म भरत होतो तेव्हा मुलीनं तिला फोनवर आजोबांची गोष्ट सांगितली असणार.

त्या दिवशी एकूण दिलं ते असं: फेरतपासणीचे पाचशे आणि फॉर्मचे सोळाशे चाळीस, कॉलेजला, दोन्हींची पावती आहे. दहा रुपये मुलीला, रोख. त्याची पावती तिनं दिली नाही.