चौथं नाव

शहागडच्या फाट्यावर कमानवाल्या उस्तादाएवढा भांडखोर माणूस दुसरा झाला न्हाई, अन् होऊ पण नये. ट्रकच्या कमानी दुरुस्त करायचं त्यांचं दुकान. कमान म्हणजे चाकावरची लोखंडी पाट्यांची चळत, सगळं वजन तिच्यावर. गिऱ्हाईक आलं की उस्ताद आधी गाडीखाली वाकून बघत, मंग ड्रायव्हरला खाली बसवून माल किती भरला ते विचारत, अन् उत्तर ऐकून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. पाटा थंड झाला की हातोडीनं वाजवून आवाज ऐकायचा, ही त्यांची सवय. त्या टायमाला हायवेवरच्या गाड्यांनाही हात वर करून गप बसा म्हणायचे. गाड्या काय थांबतात? मंग गाड्यांनाही शिव्या.

दुकानात आम्ही चार माणसं. उस्ताद, घण मारणारे म्हातारे मामू, नटबोल्ट आवळायला मी, अन् भट्टीचा पंखा फिरवायला माझी बायको. तिच्यावर मात्र त्यांनी कधी आवाज चढवला न्हाई. पंखा लई जल्दी फिरला तर एवढंच म्हणत, "वहिनी, जरा सबुरीनं. लोखंड घाबरतं."

मंग मामूचा खांदा गेला. ते दुकानात येत, पण घण उचलेना. घण मारणारा न्हाई तर भट्टी बंद. कुंभार पिंपळगावचा एक आयटीआय झालेला जवान पोरगा यायला तयार होता, पण फुकट शिकायला न्हाई. कुणी सांगितलं, शिकाऊ माणूस ठेवला तर त्याच्या पगाराचा हिस्सा सरकार देतं, फक्त दुकानात चार माणसं कामाला पाहिजेत. उस्ताद मला घेऊन अर्ज भरायला कॉम्प्युटरवाल्याकडं गेले. त्यानं शिक्षण विचारलं तर म्हणाले, "कमान." कितवी ते सांगा म्हटल्यावर, "मंग लिही तिसरी नापास. पण कमानीत न्हाई म्हणावं." काय शिकवणार, या रकान्यात त्यांनी सांगितलं की पहिले तीन महिने नुसता जाळ बघायचा. त्यानं ते खोडलं, त्यावरून अर्धा तास भांडण. शेवटी चौघांची नावं गेली. माझ्या बायकोचं चौथं.

अर्ज फिरत राह्यला, अन् तेवढ्यात ती गेली. तापाचं निमित्त, चार दिवस. मी कामावर जात राह्यलो, पण त्यावर कुणाशी बोललो न्हाई. उस्तादांनी पण विचारलं न्हाई. ते एका हातानं पंखा फिरवत, दुसऱ्या हातात सांडशी.

एक दिवस तपासणीला साहेब आले. यादीवरून एकेकाला उभं केलं. चौथं नाव वाचून म्हणाले, या बाई कुठंयत? उस्ताद पुढं झाले अन् म्हणाले, माहेरी गेल्यात, धावड्याला. साहेब लिहायला लागले. काम होत होतं. पण माहेरी म्हटलं अन् मला वाटलं, जशी ती उद्या एसटीतून उतरणार. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, ती वारली." तोवर हा शब्द मी एकदाही काढला नव्हता.

साहेबांनी नावावर रेघ मारली. आधी माणसं पुरी करा, मंग नवा अर्ज करा म्हणाले. पिंपळगावचा पोरगा त्या दिवशी आलेला, तिथंच उभा होता, तो निघून गेला. मी उस्तादांना म्हणालो, माझ्यामुळं भट्टी गेली. ते सांडशी ठेवून माझ्याजवळ येऊन बसले.

"भाऊ, बोललात ते बराबर. पण ते नाव मी अर्जासाठी ठेवलं नव्हतं. त्या एका कागदावर वहिनी अजून कामाला होत्या."

त्या दुपारी भट्टी बंद करायची म्हणून आम्ही दोघं तिच्यातली राख काढायला बसलो. कैक वर्षांची, बायको पंखा फिरवायची तेव्हापासूनची, काढता सरेना. निम्मी झाली तेव्हा उस्तादांनी माझा हात धरला अन् म्हणाले, राहू द्या आज. थोडी उद्या काढू.