मिनलची जिवंत नळी

कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख झटकत मोठी झालेली मिनल आता केसाहून हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या नळीतून वीज धाडत होती. त्यावरच तिची पीएचडी. वडील त्याच केंद्रात कामाला, त्यामुळे शेजारणी थट्टा करायच्या, "बाप गावाले वीज देते, पोरगी चिमूटचिमूट मोजून घेते!"

नळी भारी नाजूक. माणसाच्या अंगावर साठलेल्या विजेची एक ठिणगी, की खलास. नागपूरच्या कोरड्या हवेत दाराची कडी धरली तरी चटका बसतो. आधीच्या सगळ्या नळ्या मिनलच्याच हातून अशा जळाल्या होत्या. उरलेली एकुलती एक, द्रव हेलियमच्या पिंपात थंड होत होती. हेलियम संध्याकाळपर्यंतच पुरणार. आज नळीतल्या विजेत लाटांसारखे चढउतार दिसले तर प्रबंध, नाहीतर पुन्हा श्रीगणेशा.

आणि नेमकी आई प्रयोगशाळेच्या दारात! मनकर्णाबाई, नायलॉनची साडी, हातात कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचा डबा. पाऊल आत टाकलं न टाकलं तोच साडी तडतडली.

"माय, थांब! कायलेच हात लावू नको!"

"काहून वं? तुया नळीले मायी नजर लागते का?"

"ठिणगी उडते तुया साडीची! बाहेर बस."

"बसमधी उभी राहून आली मी. बाहेर नाही बसत."

झालं! मिनलनं स्वतःच्या मनगटावरचा, अंगातली वीज जमिनीत उतरवणारा पट्टा काढून आईला बांधला. पट्टा एकच, म्हणून तिचा हात घट्ट धरला. आता दोघींची वीज पट्ट्याच्या एकाच तारेनं खाली जमिनीत.

"लगन तुयं करायचं, अन् कंकण मले बांधून राहिली?"

"हसवू नको, हात हालते मायावाला!"

"त्या नळीत होते तरी काय?"

"इलेक्ट्रॉन लाटेसारखा जाते. टोकावर आपटून मागं फिरते, अन् स्वतःलेच भेटते. लाटा जुळल्या तं करंट वाढते, नाही जुळल्या तं घटते."

"अस्साच तुया बाप. बाजाराले निघते, अन् फाटकापासून वापस येते!"

हसू दाबत, श्वास रोखत मिनलनं नळीला जमिनीशी जोडून सुरक्षित ठेवणारा एकेक खटका वर केला. पडद्यावर रेघ आली. सपाट.

"मेली का वं?" मनकर्णाबाई कुजबुजल्या.

मिनलनं व्होल्टेज हळूहळू वाढवलं. रेघ उचलली. चढली. उतरली. पुन्हा तेवढ्याच अंतरावर चढली!

"माय! लाटा! जगली!"

"मंग नाच नं!"

"थांब, उलटं मोजू दे. वापस येतानाबी तशाच आल्या, तं खऱ्या."

व्होल्टेज मागे फिरलं. नवी रेघ जुन्या रेघेवरून धावली, शिखरावर शिखर, दरीवर दरी. मिनलच्या तोंडून आनंदाची आरोळीच फुटली. मायलेकींनी तारेच्या लांबीएवढ्या जागेत गिरक्या घेतल्या, आणि तार दोघींना करकचून गुंडाळून बसली.

"अवं, सोडव मले!"

"नाही! पयले नळी!" मिनल खदाखदा हसत म्हणाली, आणि आईसकट टेबलाकडे सरकत, हात लांब करून एकेक खटका खाली पाडू लागली.