गव्हाच्या कोठीतली कादंबरी

कुमुद काल गेली. तिची कादंबरी मी पन्नास वर्षांपूर्वीच मारली होती.

हे आम्हा दोघींनाच माहीत होतं. आता एकटीला आहे, म्हणून सांगून टाकते.

मी बोलते, मोबाईल लिहितो. शुद्धलेखनाच्या चुका त्याच्या. बाकीच्या माझ्या.

सत्तरनंतरची गोष्ट. सातपूरला कंपन्या नव्याने उभ्या राहत होत्या. आमचे हे आणि तिचा नवरा एकाच कंपनीत. घरं भिंतीला भिंत लागून.

मी हरसूलकडची, चौथी शिकलेली. ती मॅट्रिक. नवरे कामाला गेले की ती मांडीवर पाट घेऊन लिहायला बसायची.

लव्ह स्टोऱ्या. वाचनालयात रोजच्या भाड्याने मिळायच्या, तसल्या.

पुस्तकावर नाव एका पुरुषाचं. असा पुरुष नव्हताच. प्रकाशकाने ठरवलेलं नाव, त्याखाली आणखी दोघं-तिघं लिहायचे.

दहा फॉर्मचं पुस्तक, एका फॉर्मची सोळा पानं. आठव्या फॉर्मात गैरसमज, नवव्यात तो मिटायचा, दहाव्यात लग्न. पानं वाढली की छापखानेवाला सरळ कापायचा. तिच्या एका हिरोईनचं लग्न असंच कापलं गेलं. अंतरपाट धरलेलाच राहिला.

एकदा हिरोला बंगला हवा होता. म्हणून आम्ही दोघी बसने देवळाली कॅम्पला गेलो. ही एका फाटकापाशी उभी राहून आत बघतेय.

पहाऱ्यावरचा जवान म्हणाला, "क्या चाहिए, बहनजी?"

"कुछ नहीं भैया, पडदे का रंग देख रही हूँ."

लिहिलेलं मला वाचून दाखवायची. मी गहू निवडत ऐकायची.

एकदा म्हटलं, "कुमुद, तुझी हिरोईन भांडी कधी घासते गं?"

"हिरोईन भांडी घासत नाही, द्वारके."

"मग खरकटं जातं कुठं? हिरो चाटतो?"

हसली. मग आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

नवव्या दिवशी नवी वही घेऊन आली.

या गोष्टीतली यमुना सातपूरचीच. दोन पोरांची आई. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर प्रेमात पडते, तेही स्वतःच्याच नवऱ्याच्या. भांडी भरपूर.

"ही माझ्या नावाने छापायची," कुमुद म्हणाली. "नाव दिसलं पाहिजे. कुमुद. वाचनालयात जाऊन मीच मागणार, अमकीचं पुस्तक आहे का म्हणून."

पुण्याच्या एका प्रकाशकाला तिने पत्र टाकलं. नवऱ्याला कळलं.

तो म्हणाला, "परक्या नावाने काय ते लिही. माझं आडनाव असल्या पुस्तकावर दिसलं तर चुलीत घालीन."

म्हणून तिन्ही वह्या माझ्याकडे आल्या.

"कुणाच्या हाताला लागू देऊ नको, द्वारके. पुण्याचं उत्तर आलं की नेते."

वैशाखात वर्षाचा गहू भरायचा होता. मी वह्या जुन्या लुगड्यात बांधल्या, कोठीच्या तळाशी ठेवल्या, वरून गहू ओतला. दिवाळीपर्यंत तिथे कुणाचा हात पोचत नाही. स्वतःच्या डोक्यावर खूश झाले.

गव्हाला कीड लागू नये म्हणून एरंडेल चोळतात. दरवर्षी चोळायची. त्या वर्षी जरा सढळ हाताने चोळलं. म्हटलं, वह्यांनाही कीड नको.

दसऱ्याला पुण्याचं पत्र आलं. वह्या पाठवा.

दोघींनी कोठी उपसली. गाठोडं निघालं.

मी म्हटलं, "मोजून घे. एक पान कमी नाय."

तिने वही उघडली. पानं काचेसारखी झालेली. पुढचं मागे दिसतंय, मागचं पुढे. बॉलपेनची शाई तेलात पसरून नुसती निळी.

तिने वही माझ्यापुढे धरली. "वाच बरं."

मी बघितलं. चौथी शिकलेली बाई. मला वाटलं, मलाच वाचता येत नाही.

"मला नाय येत गं."

"मलाही नाही येत," ती म्हणाली.

तेवढंच. गहू परत भरायला तिनेच हात लावला.

"पुन्हा लिही ना," मी म्हटलं.

"बघू."

नाही लिहिलं. त्या पुरुषाच्या नावाने आणखी सहा पुस्तकं आली. सगळ्यांत लग्न झालं. मला वाचून दाखवणं मात्र बंद.

एकदा शिवी घातली असती तर मी सुटले असते.

मी ऐकलेलं शेवटचं असं. यमुना कंपनीच्या गेटबाहेर डबा घेऊन उभी आहे. भोंगा झालाय. सगळे बाहेर आलेत. तो आलेला नाही.

तिथे कुमुदने वही मिटली होती. "शेवट छापल्यावर ऐक."

पन्नास वर्षं ती बाई तिथेच उभी आहे.

कंपनी बंद पडली. गेटला गंज चढला. तरी त्या रस्त्याने रिक्षा गेली की माझी मान वळते.

गव्हात हात घातला की बोटं खाली कागद शोधतात.

गेल्या महिन्यात दवाखान्यात तिला विचारलंच. "कुमुद, तो बाहेर आला का गं?"

"कोण?"

"यमुनेचा नवरा."

"कोण यमुना?"

मग माझा हात धरला, नाकाशी नेला, आणि हळूच सोडून दिला.

आदल्याच दिवशी मी एरंडेल चोळून गहू भरला होता.

आता यमुना फक्त माझ्याकडे आहे. मीही काही फार दिवसांची नाही.

कुमुद, शेवट राहिला गं. नावही राहिलं. त्यातलं एक तरी मला करता येतं. तुझा नवरा गेला, चूलही गेली.

खाली हात जोडलेली चित्रं टाकू नका. टाकायचंच असेल तर तिचं नाव टाका. पूर्ण.

लेखिका, कुमुद भास्कर शिरसाठ.