फ्लेक्सवरचा ग्रह

भडगाव तालुक्यात कुठे भरिताची पार्टी असली, की सुपडू नानांना बोलावणं ठरलेलं. कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर वांगी कधी उलटायची, हे नानांनाच विचारायचं. नाही विचारलं तरी ते सांगणारच. गप्प बसणं त्यांना कधी जमलंच नाही. दुसऱ्याच्या लग्नात वऱ्हाडाला काय वाढायचं, तेही तेच ठरवायचे.

अशा माणसाची मुलगी मोहिनी पुण्यात बसून लांबच्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह शोधते म्हटल्यावर काय विचारता! एका ताऱ्याचा उजेड अधूनमधून किंचित मंद होतो, तेव्हा त्याच्यासमोरून एखादा ग्रह जात असावा, असं तिने फोनवर सांगितलं. तिला अजून खात्री करायची होती. नानांना कुठला धीर! आठवडाभरात फाट्यावर फ्लेक्स लागला. मोहिनीचा फोटो, शेजारी निळाशार ग्रह आणि खाली शुभेच्छुक म्हणून अर्धं गाव. ग्रहाचं चित्र फ्लेक्सवाल्यानेच कुठून तरी काढून दिलं होतं.

पुढे मोहिनीचा पुन्हा फोन आला. तो ग्रह नव्हताच. त्या ताऱ्याच्या मागे दोन तारे एकमेकांना झाकत होते, म्हणून उजेड कमी व्हायचा. ही चूक तिने स्वतःच शोधली आणि आपल्या सगळ्या वरिष्ठांसमोर उभं राहून सांगितलीही. नाना "बरं बरं" म्हणाले आणि तिच्या सत्काराच्या भरितासाठी वांगी सांगायला गेले.

सत्काराच्या संध्याकाळी मळ्यात गाव जमलं. सगळ्यांना खरं सांगून टाकायचं ठरवूनच मोहिनीने बापाला जाळापाशी गाठलं. "नाना, मी बठ्ठास्ले खरं सांगी देसू."

नानांनी मागे पाहिलं. फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून झळकलेले तोताराम आबा, सरपंच, सगळे पंगतीला बसत होते. "आज नको, माय. मन्ही इज्जत जाई. हात जोडस तुले."

मोहिनी पंगतीत जाऊन बसली.

भरीत झकास जमलं होतं. नाना परात घेऊन वाढत होते, तेवढ्यात तोताराम आबांची नात डिंपल मोहिनीसमोर येऊन उभी राहिली. "अक्का, तुन्हा ग्रह कसा दिखस?"

पंगतीने कान टवकारले. मोहिनीने एकदा बापाकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाली, "निळा शे."

नाना परात धरून जागच्या जागी थिजले. लहानपणी बरणी फुटली, तर कोणी विचारायच्या आत ही पोर आईला जाऊन सांगायची. नाना "गप्प ऱ्हाय" म्हणायचे, तरी सांगायची. आज ती बापासाठी एका लेकराशी खोटं बोलली होती. नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि डिंपल पंगतभर सांगत सुटली होती, निळा शे, निळा शे!

"डिंपल, थांब माय." नानांनी हाक मारली. "निळाबिळा काही नही. तो ग्रहच नही. मोहिनीनी मले आधीच सांगेल व्हतं. आते ती खोटं बोलनी, ते मन्हामुळे."

पंगतीत कोणीतरी फिसकन हसलं. तोताराम आबांनी हातातला घास खाली ठेवला. "मंग हाई भरीत कसाकरता शे, नाना?"

मोहिनी उठली, नानांच्या हातातली परात घेतली आणि पुढच्या माणसाला वाढायला लागली. नानांना तिच्या तोंडाकडे बघवेना.